सोनी ए७ फोर की कॅनन आर६ मार्क टू? विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या फोटोग्राफरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई उतरणीला लागली की कॅमेरा बदलायची विचारणा सुरू होते. वडसा, ब्रह्मपुरी, साकोली, आर्णी, दर्यापूर, गाव कोणतंही असो, बहुतेकांची गाडी याच दोन नावांवर येऊन थांबते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कॅमेऱ्यावर ज्याचं घर चालतं किंवा चालणार आहे, त्याला समोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

१. या दोघांत मुळात फरक काय?

दोन्ही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) मिररलेस (आत आरसा नसलेले) आहेत. सोनी ए७ फोर ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला, कॅनन आर६ मार्क टू नोव्हेंबर २०२२ मध्ये. सोनीत ३३ मेगापिक्सेल, कॅननमध्ये २४. सोनी सेकंदाला १० फोटो काढतो. कॅनन मेकॅनिकल शटरवर १२ आणि इलेक्ट्रॉनिकवर ४० काढतो. बॅटरी आणि कार्ड धरून वजन ६५८ आणि ६७० ग्रॅम, म्हणजे दिवसभर गळ्यात अडकवलं तरी फरक जाणवणार नाही. दोन्हींत दोन कार्डं बसतात आणि दोन्हींचा फोकस डोळा नीट धरून ठेवतो. चेहऱ्यावर फोकस कोणाचा चांगला यावर तासन् तास वाद चालतात, पण लग्नाच्या कामात दोन्ही पुरून उरतात. खरा फरक तीन ठिकाणी आहे: लेन्स, व्हिडिओ आणि सेन्सर वाचण्याचा वेग. पुढची बहुतेक उत्तरं या तिघांभोवतीच आहेत.

२. भाऊ, एका वाक्यात सांगा, कोणता घेऊ?

घरी कॅननच्या ईएफ लेन्स (म्हणजे जुन्या डीएसएलआरच्या) असतील तर कॅनन, सगळं नव्याने घ्यायचं असेल तर सोनी. याला अपवाद आहेत (६, ९ आणि १० क्रमांकाचे प्रश्न पाहा), पण दहातल्या सात-आठ जणांना हेच उत्तर लागू पडतं.

३. माझ्याकडे जुना कॅनन डीएसएलआर आणि त्याच्या लेन्स आहेत. त्या नव्या कॅमेऱ्यावर चालतील का?

कॅननवर चालतील, आणि उत्तम चालतील. ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर ४४ एमएम असतं, नव्या आरएफमध्ये २० एमएम. मधले २४ एमएम भरून काढायला कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर येतो. त्यात काच नसते, त्यामुळे फोटोचा दर्जा उतरत नाही. ऑटोफोकस आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन पूर्ण चालतं. आपल्याकडच्या स्टुडिओंत २४-१०५, ७०-२०० आणि ५० एमएम एफ १.८ ही जोडी-तिकडी घरोघरी आहे. जुन्या बॉडीवर थोडा पुढे-मागे जाणारा फोकस या लेन्स नव्या बॉडीवर सेन्सरवरूनच घेतात, त्यामुळे अनेकांना त्याच लेन्सचे फोटो आधीपेक्षा चोख मिळतात.

फायदा लेन्सपुरता नाही. ६डी, ५डी मार्क थ्री, ७०डी, ८०डी यांच्या एलपी-ई६ जातीच्या बॅटऱ्या आर६ मार्क टूमध्ये बसतात. जुन्या बॅटरीवर सलग फोटोंचा वेग कमी होतो, पण विधी आणि ग्रुप फोटोंना ती पुरते. जुना फ्लॅश आणि कॅननचा ट्रिगरही कामाला येतो. हे सगळं सोनीकडे जाताना विकावं किंवा बदलावं लागतं. सोनीच्या बॉडीचा हिशेब करताना हा खर्च बरेच जण धरत नाहीत.

सावध राहायची जागा एकच. लेन्सवर ईएफ-एस लिहिलं असेल, म्हणजे किटमधली १८-५५ किंवा ५५-२५०, तर कॅमेरा आपोआप १.६ पट क्रॉप करतो, म्हणजे कडा कापतो, आणि हातात सव्वानऊ मेगापिक्सेलच्या आसपास फोटो उरतो. त्या लेन्सच्या जोरावर कॅनन घेऊ नका.

ईएफ लेन्स सोनीवर लावायचे अडॅप्टर मिळतात. फोटोपुरतं कसंबसं भागतं, पण व्हिडिओतल्या फोकसवर धंद्याच्या कामात विसंबू नये. निकॉनच्या लेन्स घरी असतील तर या दोघांपैकी कोणीच तुमच्या कामाचा नाही. निकॉनचीच झेड मालिका आणि तिचा एफटीझेड अडॅप्टर बघा.

४. माझ्याकडे काहीच नाही. पहिल्यांदाच घेतोय.

मग सोनीकडे झुकतं माप द्या. सोनीने आपला ई माउंट इतर कंपन्यांना खुला ठेवला, त्यामुळे सिग्मा आणि टॅमरॉनच्या एफ २.८ झूम सोनीच्या स्वतःच्या लेन्सपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळतात. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ ची दुसरी आवृत्ती ५४० ग्रॅमची आहे आणि लग्नाचं बहुतांश काम एकटी ओढून नेते. कॅननने आरएफ माउंटवर फुल फ्रेमसाठी बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सना दार बंद ठेवलं. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या आरएफ लेन्स जाहीर झाल्या, पण त्या एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या. नव्याने कॅनन घेणाऱ्याला सेकंड हॅन्ड ईएफ लेन्स आणि अडॅप्टर हा स्वस्त मार्ग आहे. नागपुरात त्या सहज मिळतात, कारण डीएसएलआर सोडणारे त्या विकतायत.

आणि एक मनापासून सांगतो. एकूण रक्कम ठरलेली असेल तर आधी लेन्सचे पैसे बाजूला काढा. दोन्ही बॉडी बाजारात आल्या तेव्हा २ लाख ४० हजारांच्या थोड्या वर होत्या. एवढे पैसे बॉडीत घालून तिच्यावर साधी किट लेन्स लावली, तर रात्रीच्या मांडवात पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. जुनी ए७ थ्री किंवा पहिली आर६ घेऊन तिच्यावर एफ २.८ झूम लावणारा जास्त चांगलं काम देतो.

५. ३३ मेगापिक्सेल आणि २४ मेगापिक्सेल, अल्बममध्ये फरक दिसतो का?

करिझ्मा अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं पूर्ण पान एकाच फोटोने भरायचं असेल तर थोडा. कॅननच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल, सोनीची ७००८. ३६ इंचांवर पसरले की कॅनन इंचाला १६७ पिक्सेल देतो, सोनी १९५. अल्बम हातात धरून बघणाऱ्या आजीला तो फरक कळत नाही. पानावर चार-पाच फोटो असतील तर विषयच संपला. जास्त मेगापिक्सेलचा खरा उपयोग क्रॉप करायला होतो (प्रश्न १० पाहा), आणि त्याची किंमत कार्ड आणि हार्ड डिस्कमध्ये मोजावी लागते.

६. व्हिडिओसाठी कोणता?

स्लो मोशनवर तुमचं काम चालत असेल तर कॅनन. आर६ मार्क टू फोर-के ६० पूर्ण रुंदीत देतो. ए७ फोर फोर-के ६० ला १.५ पट क्रॉप करतो, म्हणजे २४ एमएमची लेन्स ३६ एमएमसारखी दिसते. लॉनवरच्या लग्नात हे चालून जातं. पण हळद कवेलूच्या घराच्या ओसरीत असते, मागे भिंत, पुढे बाया आणि मधे नवरी. तिथे मागे सरकायला जागा नसते आणि हा क्रॉप फार नडतो. फुल एचडीत कॅनन १८० फ्रेमपर्यंत जातो, सोनी १२० पर्यंत.

२५ किंवा ३० फ्रेमच्या फोर-केमध्ये सोनी पूर्ण रुंदी वापरतो आणि चित्र अतिशय खणखणीत येतं. विधींचं सलग चित्रण एवढंच काम असेल तर सोनी कुठेही कमी पडत नाही.

दोन्हींना लागू असलेली गोष्ट: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओची पद्धत एनटीएससीऐवजी पाल (PAL) ठेवा, ६० ऐवजी ५० आणि ३० ऐवजी २५ फ्रेम वापरा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ लपलपतो अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कॅमेरा एनटीएससीवर असतो.

७. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. कॅमेरा बंद पडेल का?

पडू शकतो. दोन्ही कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी तापमान ० ते ४० अंश दिलं आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतलंच तापमान त्याच्या पुढे असतं, आणि उन्हात धरलेली काळी बॉडी हवेपेक्षाही जास्त तापते. दोन्हींत पंखा नाही. सेन्सर आणि प्रोसेसरची उष्णता बॉडीतूनच बाहेर पडते, आणि बाहेरची हवाच तापलेली असली की तिला जायला वाट नसते. फोटो काढताना अडचण फारशी येत नाही, सलग व्हिडिओत येते, त्यातही फोर-के ५० आणि ६० वर सर्वांत आधी.

कॅननचा पूर्ण रुंदीचा फोर-के ६० जितका देखणा, तितकाच तो तापवणाराही आहे. इंटरनेटवर दिसणारी चाळीस-पन्नास मिनिटांची गणितं २३ अंशांच्या खोलीतली असतात, ती आपल्या बारा वाजताच्या मुहूर्ताला लावू नका.

करायचं ते असं. दोन्ही कॅमेऱ्यांच्या मेनूत तापमानामुळे आपोआप बंद होण्याची मर्यादा असते, ती ‘हाय’ वर करा. मग बॉडी हाताला चटका देण्याइतकी तापू शकते, तेव्हा ट्रायपॉडवरच वापरा. मंगलाष्टकं २५ फ्रेमवर घ्या, स्लो मोशन वरातीपुरतं आणि तुकड्या-तुकड्यांत. स्क्रीन बॉडीपासून उघडून बाजूला फिरवा, म्हणजे पाठ मोकळी राहते. दोन विधींच्या मधे कॅमेरा बंद करा, नुसता स्टँडबायवर ठेवू नका. वर पांढरा दुपट्टा किंवा छत्री धरा. ओला कपडा किंवा बर्फ कधीही लावू नका, ओलावा आत जातो. बंद गाडीत बॅग ठेवू नका. आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी निवू द्या.

दुपारची लग्नं हाच तुमचा मुख्य धंदा असेल, तर व्हिडिओला वेगळा पंखा असलेला कॅमेरा किंवा साधा कॅमकॉर्डर सोबत ठेवणं हा पक्का उपाय आहे.

८. लग्नात एलईडी वॉलला लाइव्ह द्यायचं असतं. काही फरक?

आहे, आणि दुकानदार तो सांगत नाही. सोनीला पूर्ण आकाराचं एचडीएमआय आहे, तेच टीव्हीला असतं तसं. कॅननला मायक्रो एचडीएमआय आहे. मांडवात वायरीला पाय अडकला की ते बारीक सॉकेट सैल होतं, मग वॉलवर चित्र येतं-जातं. कॅनन घेतलात तर केज आणि केबल क्लॅम्प सोबतच घ्या.

९. स्टेजवरच्या लाइटमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. आणि शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) बैल तिरके दिसतात. कॅमेरा खराब आहे का?

नाही. दोन्हींचं कारण एकच: इलेक्ट्रॉनिक शटर. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. वाचता वाचता लाइट मिचकावला तर पट्टा येतो, विषय पुढे धावला तर तो तिरका होतो. सोनीला पूर्ण सेन्सर वाचायला सुमारे १/१५ सेकंद लागतो, कॅननला सुमारे १/७०. म्हणजे या बाबतीत कॅनन चारपटीहून वेगवान आहे.

तळेगाव दशासरसारख्या पटात जोडी सुटते तेव्हा सोनीवर इलेक्ट्रॉनिक शटर वापरूच नका. धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) मागे उभे असलेले खांब आणि गाडीची चाकं चक्क वाकडी येतात. मेकॅनिकल शटर लावा, १० फोटो सेकंदाला पुरतात. कॅननवर इलेक्ट्रॉनिक शटर बरंच निभावून नेतं, शिवाय त्यात बटण पूर्ण दाबायच्या अर्धा सेकंद आधीपासूनचे फोटो साठवणारी सोय आहे. जोडी नेमकी कधी सुटेल हे कोणालाच माहीत नसतं, अशा क्षणी ती सोय सोन्यासारखी आहे. पटाचं काम नेहमी करणाऱ्याला मी कॅननच सुचवतो.

झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत अडचण लाइटची असते. रंगीत एलईडी पार लाइट फार वेगाने मिचकतात. तिथे दोन्ही कॅमेऱ्यांवर मेकॅनिकल शटर वापरा. तरीही पट्टे राहिले तर कॅननमध्ये हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर आणि सोनीत व्हेरिएबल शटर आहे. त्यात शटर १/१०० च्या जवळपास दशांश पॉइंटांत सरकवता येतं. स्क्रीनकडे बघत पट्टे विरेपर्यंत सरकवायचं आणि तिथेच ठेवायचं. हे काम पडदा उघडायच्या आधी करा, संगीत सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही.

१०. ताडोबा-नागझिऱ्यासाठी कोणता चांगला?

इथे निर्णय लेन्सवर होतो. सोनीची २००-६०० एफ ५.६-६.३ दोन किलोंच्या वर आहे, पण झूम करताना तिची लांबी बदलत नाही, त्यामुळे पुढच्या जिप्सीची धूळ आत ओढली जात नाही. कॅननच्या आरएफ १००-५०० पेक्षा ती स्वस्त पडते. कॅननची लेन्स हलकी आहे, हातात धरून फिरवायला सोपी आहे, पण टोकाला एफ ७.१ होते आणि पहाटेच्या गेटला प्रकाश कमी असतो.

क्रॉपमध्ये सोनी पुढे. दूरच्या धानाच्या बांधीतला सारस, जो गोंदियाकडे दिसतो, एपीएस-सी क्रॉपवर घेतला तर सोनीत १४ मेगापिक्सेल उरतात, कॅननमध्ये सव्वानऊ. वेगात कॅनन पुढे. सोनीचे १० फोटो सेकंदाला रॉमध्ये (कच्च्या फायलीत) फक्त कॉम्प्रेस्ड रॉवर मिळतात, लॉसलेस रॉवर वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय सोनीत माणूस, प्राणी, पक्षी हे आपण निवडावं लागतं. कॅननमध्ये ‘ऑटो’ ठेवलं की तो स्वतः ओळखतो. वाघ बघता बघता अचानक नीलकंठ उडाला तर याचं महत्त्व कळतं.

वाघ रस्त्यावर येतो, म्हणून ताडोब्याला दोन्ही चालतात. पक्ष्यांसाठी, विशेषतः तळ्यांवरच्या, माझं मत सोनी आणि २००-६०० या जोडीला.

११. लाइट सारखी जाते. बॅटरीचं कसं?

सोनीची बॅटरी जास्त चालते. व्ह्यूफाइंडरमधून बघत प्रमाणित चाचणीत सोनी सुमारे ५२० फोटो देतो, कॅनन पॉवर सेव्हिंगवर सुमारे ४५० आणि नेहमीच्या सेटिंगवर सुमारे ३२०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त देतात. एका लग्नाला सोनीच्या तीन आणि कॅननच्या चार बॅटऱ्या धरा. दोन्ही टाइप-सीवरून चार्ज होतात, पण कॅननला पॉवर डिलिव्हरीचाच चार्जर किंवा पॉवर बँक लागते. मोबाइलचा साधा चार्जर लावून ‘चार्जच होत नाही’ म्हणणारे बरेच आहेत.

१२. माझा कॉम्प्युटर जुना आहे. नव्या फायली उघडतील का?

फोटो उघडतील, फक्त सॉफ्टवेअर अद्ययावत लागेल. व्हिडिओ अडकेल. दोन्ही कॅमेऱ्यांचा १०-बिट ४:२:२ एच.२६५ व्हिडिओ जुन्या मशीनवर टाइमलाइनवर फ्रेम-फ्रेमने सरकतो. दोन उपाय आहेत. एक, ८-बिट एच.२६४ वर शूट करा. कॅननमध्ये लॉग (रंग नंतर एडिटिंगमध्ये चढवायचं फिकं प्रोफाइल) बंद केला की तो मिळतो, सोनीत एक्सएव्हीसी एस निवडा. दोन, प्रॉक्सी (फायलींच्या हलक्या प्रती) करून एडिट करा. कलर ग्रेडिंगचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नसेल तर पहिला उपाय बरा.

१३. हळद, गुलाल, धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी, यातून कसं वाचवायचं?

दोन्ही कॅमेरे बंद केल्यावर सेन्सरवर शटरचा पडदा ओढू शकतात. सोनीत ही सोय मेनूतून चालू करावी लागते, ती पहिल्याच दिवशी करा. हळद आणि गुलाल चालू असताना लेन्स बदलू नका. गुलाल कापडाने पुसू नका, आधी हवेच्या फुग्याने उडवा.

पावसाळ्यात लेन्स कपाटातल्या चामडी बॅगेत बंद करून ठेवली की बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरेसं आहे. जेलचा रंग बदलला की ते सुकवून पुन्हा ठेवा.

१४. बिलाशिवाय पंधरा-वीस हजार कमी सांगतात. घेऊ का?

घेऊ नका. बिल नसेल तर भारतातली वॉरंटी नाही, विमा नाही, आणि चोरी झाली तर तक्रारीला आधार नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर कॅमेऱ्यावरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पक्क्या बिलाचाच कॅमेरा स्वस्त पडतो.

सेकंड हॅन्ड घेताना मूळ बिल, बॉक्सवरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळवा. शटरचं आयुष्य सोनीत २ लाख आणि कॅननमध्ये ४ लाख फोटोंचं धरलेलं आहे. लग्नाचा फोटोग्राफर एका सीझनमध्ये केवढे फोटो काढतो ते तुम्हाला माहीत आहे, त्या मानाने आकडा तपासा. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर एक फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का पाहा, आणि फोर-के व्हिडिओ वीस मिनिटं सलग चालवून बघा.

१५. हप्त्यावर घेणं बरं का?

काम तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत, पण हप्ता बाराही महिने. शिवाय आपलं गिऱ्हाईक कास्तकार. धानाचे चुकारे किंवा कापसाचे पैसे आल्याशिवाय अल्बमचा शेवटचा हिशेब होत नाही. म्हणून जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांचे हप्ते हातात असल्याशिवाय सही करू नका. ते जमत नसेल तर बॉडी सेकंड हॅन्ड आणि लेन्स नवी, हा क्रम धरा.

१६. दोघांचीही नवी मॉडेलं आली आहेत. थांबू का?

कॅननचा आर६ मार्क थ्री आणि सोनीचा ए७ फाइव्ह २०२५ च्या अखेरीस आले. ए७ फाइव्हमध्ये फोर-के ६० चा क्रॉप गेला आणि सेन्सरही बराच वेगवान झाला, म्हणजे ६ आणि ९ मधल्या सोनीच्या तक्रारी त्यात उरत नाहीत. आर६ मार्क थ्रीमध्ये मेगापिक्सेल ३२.५ झाले. पैसे असतील तर जरूर घ्या. पण नवं आलं की जुन्याचा भाव उतरतो, आणि लग्नाच्या कामाला हे दोन्ही जुने कॅमेरे अजून कित्येक सीझन पुरतील.

१७. माझ्याकडे सोनी, भागीदाराकडे कॅनन. एकाच लग्नात दोन्ही वापरले तर अल्बम आणि व्हिडिओ जुळतो का?

जुळतो, पण तयारी लागते. निघायच्या आधी दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर लॅबमध्ये फोटो वेळेप्रमाणे लावताना अंतरपाटाआधी सप्तपदी येते. दोन्हींत फायलीच्या नावाची सुरुवात बदलता येते, आपापली अक्षरं टाका.

ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा. मांडवात दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच केल्विन आकडा ठेवा आणि सुरुवातीला ग्रे कार्डाचा एकेक फोटो घ्या. तरी त्वचेत थोडा फरक राहतो. सावळ्या चेहऱ्यावर कॅनन जरा तांबूस जातो, सोनी जरा पिवळसर. रॉ असेल तर एका कॅमेऱ्याचा प्रीसेट करून सगळ्यांना लावता येतो, जेपीईजीत ते अवघड जातं.

व्हिडिओत एकाने लॉग आणि दुसऱ्याने साधं प्रोफाइल असं करू नका. दोघांनीही लॉगच घ्यायचा ठरवलं तर सोनीवर एस-लॉग३, कॅननवर सी-लॉग३. दोन्हींचा पायाभूत आयएसओ ८०० आहे, त्यामुळे एक्सपोजर जुळवणं सोपं जातं. मात्र भर उन्हात ८०० वर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लागेलच, आणि तो दोघांकडेही एकाच कंपनीचा असू द्या, कारण स्वस्त फिल्टर आपापला रंग चढवतात.